अल्पमत आणि अल्पसंख्य: सिनेटच्या साठ मतांची गोष्ट

नासाचं एक अगदी रूक्ष विधेयक होतं. नासाच्या मालकीच्या ज्या जागा आणि इमारती फारशा वापरात नाहीत, त्या दुसऱ्यांना भाड्याने देण्याच्या परवानगीची मुदत वाढवावी, एवढंच त्यात म्हटलेलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने त्यातला मजकूर काढून टाकला आणि त्या रिकाम्या पाकिटात मतदानाच्या हक्कांबद्दलची दोन मोठी विधेयकं एकत्र करून भरली. क्रमांक तोच, एच. आर. ५७४६. आतला माल वेगळा.

हा उद्योग कशासाठी? प्रतिनिधीगृहात बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं. सिनेटमध्ये ५०-५० असली तरी बरोबरी झाल्यावर निर्णायक मत द्यायला उपाध्यक्ष कमला हॅरिस होत्या. राष्ट्राध्यक्ष बायडेन सही करायला पेन उघडून बसलेले. तीनही किल्ल्या हातात असताना कुणी मागच्या दाराने का शिरेल?

कारण सिनेटमध्ये विधेयकावर चर्चा सुरू करायची तर आधी ‘चर्चा सुरू करूया’ हा ठराव लागतो, आणि तोही अडवता येतो. पण जे विधेयक दोन्ही सभागृहांत एकदा जाऊन-येऊन झालेलं आहे, ते ‘दुसऱ्या सभागृहाकडून आलेला निरोप’ म्हणून येतं, आणि त्याची सुरुवात अडवता येत नाही. नासाचं विधेयक असं जाऊन-येऊन झालेलं होतं, म्हणून ते कामाला आलं. चर्चा सुरू झाली. पण सुरू झालेली चर्चा संपवायला पुन्हा ६० मतं लागतात, आणि त्यावर कुणाकडेच युक्ती नव्हती.

या ६० मतांच्या अडथळ्याचं नाव फिलिबस्टर.

शब्द मूळचा डच. ‘लूट करणारा, समुद्री चाचा’ या अर्थाचा तो शब्द स्पॅनिशमधून फिरत इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्यांच्या देशात घुसून राज्य बळकावू पाहणाऱ्या साहसवीरांना अमेरिकेत फिलिबस्टर म्हणत. पुढे सभागृहाचं कामकाज ओलीस धरणाऱ्या सभासदांना तोच शब्द चिकटला.

आपल्याला ही भानगड कळायला थोडी जड जाते, कारण आपल्याकडे चित्र बरोबर उलटं असतं. विधानसभेत विरोधक घोषणा देत अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, कागद भिरकावले जातात, आणि त्याच गदारोळात सरकार आवाजी मतदानाने पाच-सहा विधेयकं उरकून घेतं. गोंधळ विरोधकांचा, कायदे सरकारचे. सिनेटमध्ये शांतता असते, बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात, बहुमतवाल्यांकडे बहुमत असतं, आणि कायदा होत नाही. ‘चर्चा पुरे, आता मत घ्या’ असा ठराव आपल्या सभागृहांत साध्या बहुमताने होतो. तिथे त्या ठरावाला, ज्याला ते क्लोचर म्हणतात, १०० पैकी ६० मतं लागतात. विधेयक मंजूर व्हायला ५१ पुरे. पण ५१ मोजायची वेळ यावी म्हणून आधी ६० जमवायची.

त्यात सिनेटची रचना अशी की राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोन जागा. २०२०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची वस्ती ३ कोटी ९५ लाख भरली, वायोमिंगची ५ लाख ७७ हजार, म्हणजे २०११च्या गणनेतल्या कोल्हापूर शहराहून जराशी जास्त. दोघांचे सिनेटर सारखेच, दोन. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १. सिनेटचा हिशेब लावला तर दोघांनाही दोन-दोन मिळाल्या असत्या. (पणजीत पेढे वाटले गेले असते.) म्हणजे लहान राज्यांना आधीच झुकतं माप, आणि त्यावर ४१ जणांना नकाराचा अधिकार.

हे अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे का? नाही. घटनेने दोनतृतीयांश मतं कुठे लागतील ते मोजून सांगितलं आहे: परराष्ट्रांशी करार, महाभियोगात दोषी ठरवणं, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार उलटवणं, सदस्याची हकालपट्टी, घटनादुरुस्ती. साध्या कायद्याला तशी अट नाही. सुरुवातीला तर सिनेटच्या नियमांत ‘आता मत घ्या’ म्हणण्याची तरतूदही होती. १८०५ मध्ये मावळते उपाध्यक्ष ॲरन बर यांनी सल्ला दिला की नियमावली फार वाढली आहे, हा नियम कुणी वापरत नाही, काढून टाका. पुढच्या वर्षी तो गेला. हे तेच बर, ज्यांनी आदल्या वर्षी ॲलेक्झांडर हॅमिल्टन यांना द्वंद्वयुद्धात गोळी घातली होती. आणि हॅमिल्टन हे प्रत्येक कामाला जादा बहुमताची अट घालण्याच्या ठाम विरोधात होते. थोडक्यात, ज्याला आज ‘पूर्वजांनी विचारपूर्वक घातलेला बांध’ म्हणतात, तो माळा साफ करताना चुकून फेकल्या गेलेल्या वस्तूचा परिणाम आहे. बोलून बोलून वेळ मारण्याची युक्ती लोकांना सुचायलाही त्यानंतर तीसेक वर्षं लागली.

१९१७ मध्ये, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर, मूठभर सिनेटरांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक अडवलं. राष्ट्राध्यक्ष विल्सन संतापले, आणि सिनेटने चर्चा बंद करण्याचा नियम केला: दोनतृतीयांश मतं. १९७५ मध्ये ती अट तीनपंचमांशावर आली. साठचा आकडा तेव्हापासूनचा.

आता मतदानाच्या हक्काशी याचं नातं काय, ते बघू.

२८ ऑगस्ट १९५७. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड रात्री नऊच्या सुमाराला बोलायला उभे राहिले. समोर नागरी हक्कांचं विधेयक होतं. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला थोडंफार संरक्षण देणारं, तेही वाटाघाटींत बरंच पातळ केलेलं. थर्मंड तयारीनिशी आले होते. आधी बाष्पस्नान घेऊन अंगातलं पाणी कमी केलं होतं, म्हणजे पाणी प्यायलं तरी लघवीला जावं लागू नये. सभागृह सोडलं तर बोलण्याचा हक्क गेला. म्हणून शेजारच्या खोलीच्या दारात त्यांचा सहायक बादली घेऊन उभा. एक पाय सभागृहात ठेवला की भागलं. त्यांनी एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचून दाखवले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं निरोपाचं भाषण वाचलं. माणसांना मत देता येऊ नये म्हणून स्वातंत्र्याचा जाहीरनामा! २४ तास १८ मिनिटांनी ते खाली बसले. विधेयक त्याच रात्री मंजूर झालं.

हा विक्रम ६७ वर्षं टिकला. एप्रिल २०२५ मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर २५ तास ५ मिनिटं बोलले तेव्हा तो मोडला. बुकर कृष्णवर्णीय आहेत. त्यांचं भाषण कुठलं विधेयक अडवण्यासाठी नव्हतं, त्यामुळे नियमाच्या भाषेत ते फिलिबस्टर नव्हे, पण कुणाचा विक्रम मोडतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थर्मंड एकटे होते म्हणून हरले. दक्षिणेतले सगळे सिनेटर एकत्र यायचे तेव्हा जिंकायचे. १९२२ मध्ये जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धचं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन आलं, सिनेटमध्ये असंच बोलून मारलं गेलं. तसा कायदा शेवटी झाला तो २०२२ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. मत द्यायचं तर आधी कर भरा, ही गरिबांना आणि विशेषतः काळ्यांना वगळण्याची अट काढायची विधेयकं १९४०च्या दशकात पुन्हा पुन्हा आली आणि पुन्हा पुन्हा अडली.

१९६४ साली नागरी हक्क कायद्याच्या वेळी हे कुलूप पहिल्यांदा फुटलं. कामकाजाचे साठ दिवस चर्चा चालली. १० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड आपलं १४ तास १३ मिनिटांचं भाषण संपवून बसले आणि मतदान सुरू झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मेंदूत गाठ, वाचा गेलेली. नाव पुकारलं गेलं. ते बोलू शकेनात. त्यांनी हात हळूहळू वर नेला आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत डोळ्याला ‘आय’ आणि सभागृहातल्या होकारालाही ‘आय’. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पन्नासाव्या दिवशी एंगल वारले.

पुढच्या वर्षी अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी शांतपणे चालणाऱ्या लोकांना पोलिसांनी झोडपलं. त्यात मोर्चाचे तरुण नेते जॉन लुईस यांची कवटी फुटली. ती दृश्यं टीव्हीवर देशाने पाहिली आणि १९६५चा मतदान हक्क कायदा ७० विरुद्ध ३० मतांनी फिलिबस्टर मोडून झाला. परिणाम किती? मिसिसिपीत १९६४ मध्ये कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ६.७ टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती. तीन वर्षांत हा आकडा ६० टक्क्यांच्या जवळ गेला. ज्या राज्यात दर शंभरातले चाळीसहून जास्त लोक काळे होते, त्या राज्याची ही गोष्ट.

इथे मला भाषेबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण सगळ्या वादाची गाठ तिथेच आहे असं माझं मत. फिलिबस्टरची बाजू घेणारे म्हणतात की ते ‘मायनॉरिटी’चं रक्षण करतं. इंग्रजीत हे वाक्य फार उदात्त वाटतं. मराठीत आणायला गेलात की अडखळायला होतं, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत: अल्पमत आणि अल्पसंख्य. सभागृहात ज्यांच्याकडे कमी जागा आहेत ते अल्पमतात. समाजात जे थोडे आहेत ते अल्पसंख्य. फिलिबस्टर अल्पमताचं रक्षण करतं. १९२२ पासून १९६४ पर्यंत त्याच अल्पमताने अल्पसंख्यांची मुस्कटदाबी केली. एकच शब्द वापरल्यामुळे थर्मंड आणि थर्मंड ज्यांना मतदानापासून दूर ठेवू पाहत होते ते, दोघेही एकाच छत्रीखाली उभे दिसतात.

बोलण्याच्या काळात निदान कष्ट तरी होते. घसा बसायचा, पाय सुजायचे, वर्तमानपत्रात नाव यायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट बर्ड (चौदा तासवाले तेच) यांनी एक व्यवहारी सुधारणा केली. एक विधेयक अडलं म्हणून सगळं सभागृह का खोळंबावं? अडलेलं बाजूला ठेवा, दुसरं काम चालू द्या. रेल्वेचे दोन रूळ. हेतू चांगला होता, पण अडवणाऱ्याचे सगळे कष्ट संपले. आता उभं राहावं लागत नाही, बोलावंही लागत नाही. आपल्या पक्षाच्या कार्यालयाला कळवायचं की आमची हरकत आहे. एक ईमेल बास. मग साठ मतं गोळा करण्याची सगळी धावपळ बहुमतवाल्यांची. अडवणारा घरी जेवायला मोकळा. १९१७ नंतरच्या पन्नास वर्षांत मिळून क्लोचरचे जेवढे ठराव आले नसतील, त्याहून जास्त आता एका वर्षात येतात. अपवादाचा रोजचा नियम झाला तो असा.

आता पडदा पाडून एकदम २०१३ मध्ये येऊ.

१९६५च्या कायद्याचा कणा होता ‘पूर्वपरवानगी’. ज्या राज्यांचा भेदभावाचा इतिहास आहे, त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी केंद्राला विचारायचं. मतदान केंद्र हलवायचं? विचारा. वेळ बदलायची? विचारा. अमेरिकेत आपल्यासारखा देशभरच्या निवडणुका घेणारा निवडणूक आयोग नाही. राज्यं आणि त्यांच्याखालच्या काउंट्या आपापल्या निवडणुका घेतात, म्हणून ही लगाम फार महत्त्वाची. २५ जून २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती सोडली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की कुठल्या राज्यांना हा नियम लागू करायचा ते ठरवणारं सूत्र जुनाट झालं आहे, परिस्थिती बदलली आहे. काँग्रेसने हवं तर नवं सूत्र करावं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालात लिहिलं की हे म्हणजे आपण भिजत नाही म्हणून पावसात छत्री फेकून देण्यासारखं आहे. त्याच दिवशी टेक्सासने आपला अडकून पडलेला ओळखपत्राचा कायदा लागू केल्याचं जाहीर केलं. त्यात मतदानासाठी बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाने केलेला कायदा २०१६ मध्ये अपील कोर्टाने रद्द केला. काळ्या मतदारांवर तो ‘जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने’ नेम धरतो, असं निकालपत्रात म्हटलं आहे.

काँग्रेसने नवं सूत्र करावं, असं कोर्ट म्हणालं खरं. पण काँग्रेसमध्ये सिनेट येते, आणि सिनेटमध्ये साठ.

मार्च २०२१ मध्ये जॉर्जिया राज्याने नवा कायदा केला. त्यातलं एक कलम जगभर गाजलं: मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कुणी पाणी किंवा खाऊ द्यायचा नाही. माझी मावसबहीण अटलांटाच्या उत्तरेला राहते, आमच्या घरची पहिली अमेरिकी नागरिक. मी तिला तावातावाने फोन केला. ती म्हणाली, “अरे, मी वीस मिनिटांत मत देऊन आले. पाणी कशाला लागतंय?” आणि पीचचं चित्र असलेलं ‘मी जॉर्जियाची मतदार’चं स्टिकर ड्रेसला लावलेला फोटो पाठवला. तिचा मुद्दा चूक नव्हता. तिच्या उपनगरात रांग वीस मिनिटांची होती. पण त्याच शहराच्या काळ्या वस्त्यांत जून २०२० मध्ये लोक तासन्‌तास उभे होते. पाण्याची गरज कुणाला पडते, हे रांग किती लांब आहे त्यावर ठरतं. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की या कायद्याला ‘वर्णभेदाची नवी आवृत्ती’ म्हणणाऱ्यांनी भाकित केलं तसा हाहाकार माजला नाही. २०२२च्या निवडणुकीत जॉर्जियात मुदतीआधीचं मतदान, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षाच्या मानाने, विक्रमी झालं. आणि पोस्टल मतदान अवघड करून याच कायद्याने शनिवारचं मतदान वाढवलंही होतं. चित्र एकरंगी नाही.

या सगळ्यावर डेमोक्रॅट्सनी तोडगा काढला तो दोन विधेयकांचा. एकात पूर्वपरवानगीचं नवं सूत्र होतं, आणि त्याला २०२० मध्ये निधन पावलेल्या जॉन लुईस यांचं नाव दिलं होतं. दुसऱ्यात मतदानाच्या दिवशी सुट्टी, किमान १५ दिवस आधीपासून मतदान, कारण न देता पोस्टाने मत, मतदारसंघांच्या पक्षपाती आखणीला बंदी. नासाच्या पाकिटात गेली ती हीच दोन.

गंमत बघा. दुसऱ्या विधेयकाचा मसुदा तयार करणाऱ्यांत वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन होते. रिपब्लिकन मतं मिळावीत म्हणून त्यांनीच मूळ विधेयकाला कात्री लावून हे सौम्य रूप आणलं. दहा मतं हवी होती. एकही आलं नाही. मग प्रश्न उरला: नियम बदलायचा का? मॅन्चिन म्हणाले, विधेयकाला माझा पाठिंबा, नियम बदलायला नाही. ते ज्या जागेवर बसत होते ती रॉबर्ट बर्ड यांची. ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांचंही तेच. १३ जानेवारीला बायडेन आपल्याच सिनेटरांचं मन वळवायला संसदभवनात यायचे होते. त्याच्या थोडंच आधी सिनेमा सभागृहात उभ्या राहिल्या आणि नियम बदलायला आपला विरोध कायम असल्याचं सांगून टाकलं. पाहुणा दारात आणि घरात चूल विझलेली.

नियम बदलायचा म्हणजे काय करायचं, तेही मजेशीर आहे. अधिकृत मार्गाने नियमदुरुस्तीवरची चर्चा संपवायला दोनतृतीयांश मतं लागतात, म्हणजे साठहून कठीण. म्हणून आडमार्ग. कुणीतरी हरकतीचा मुद्दा उपस्थित करतो की अमुक बाबतीत साधं बहुमत पुरे. पीठासीन अधिकारी नियम बघून तो फेटाळतात किंवा मान्य करतात. त्या निर्णयावर सभागृहाकडे दाद मागितली जाते आणि सभागृह साध्या बहुमताने ठरवतं. नियमाचा कागद तोच राहतो, पायंडा नवा पडतो. याला तिथे ‘अणुपर्याय’ म्हणतात. हा बॉम्ब याआधी फुटलेला आहे. २०१३ मध्ये डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी मंत्री आणि खालच्या कोर्टांचे न्यायाधीश यांच्या नेमणुकांना सिनेटची मान्यता घेताना लागणारी साठची अट काढली. तेव्हा रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले होते, तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर होईल. २०१७ मध्ये त्याच मॅकॉनेल यांनी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांसाठीही ती काढली. अर्थसंकल्पाशी जोडलेली विधेयकं तर १९७४च्या कायद्याने आधीच साध्या बहुमताने होतात. श्रीमंतांची करकपात होते ती त्या दाराने. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारच्या कर्जाची मर्यादा वाढवायला, काही रिपब्लिकनांच्या संमतीने, एकदाच म्हणून साठची अट बाजूला ठेवली गेली. जॉर्जियाचे सिनेटर राफाएल वॉर्नॉक यांनी तेव्हा विचारलं की अर्थव्यवस्थेसाठी वाट काढता येते, तर लोकशाहीसाठी का नाही? त्याला सरळ उत्तर कुणी दिलेलं माझ्या वाचनात नाही.

१९ जानेवारी २०२२च्या रात्री दोन मतदानं झाली. पहिलं चर्चा संपवण्याचं: ४९ विरुद्ध ५१. यात बहुमताचे नेते चक शूमर यांनी मुद्दाम विरोधात मत दिलं, कारण फेरविचाराचा ठराव मांडायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच असतो. मग शूमर यांनी फक्त या एका विधेयकापुरता जुना बोलका फिलिबस्टर आणायचा प्रस्ताव ठेवला. ज्यांना अडवायचं आहे त्यांनी उभं राहा, बोला, नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोन भाषणं. ती संपली की साध्या बहुमताने निकाल. म्हणजे ईमेल बंद, घसा सुरू. ४८ विरुद्ध ५२. मॅन्चिन आणि सिनेमा रिपब्लिकनांसोबत गेले. विधेयक संपलं. नासाच्या त्या बिचाऱ्या मजकुराचंही त्यासोबत वाहून जाणं झालं.

मॅन्चिन-सिनेमा यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. मराठीत तो एका ओळीत सांगता येतो: चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आज तुम्ही ५१ वर मतदान हक्क वाढवाल, उद्या ते ५१ वर काढून घेतील. दर दोन-चार वर्षांनी निवडणुकीचे नियम पालटत राहिले तर निकालावर विश्वास कोण ठेवेल? याला उत्तर असं की राज्यांच्या विधानसभा आत्ताच साध्या बहुमताने, एकेका पक्षाच्या मतांवर हे नियम पालटत आहेत. साठची अट फक्त ते दुरुस्त करणाऱ्यांना आहे. आणि तत्त्वाचं म्हणाल तर दोन्ही पक्षांचं तत्त्व ते सभागृहात कुठल्या बाजूला बसले आहेत त्यावर ठरतं. एप्रिल २०१७ मध्ये विधेयकांचं फिलिबस्टर जपा, अशा पत्रावर दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी सह्या केल्या होत्या. त्यात कमला हॅरिस होत्या. २००५ मध्ये सिनेटर बायडेन अणुपर्यायाविरुद्ध तळमळून बोलले होते.

माझं मत विचाराल तर शूमर यांचा प्रस्ताव मला पटला होता. अडवण्याचा हक्क राहू दे, पण त्याची किंमत मोजावी लागू दे. कशासाठी अडवतोय ते चोवीस तास उभं राहून लोकांसमोर सांगा. थर्मंड यांनी सांगितलं होतं, म्हणून तर इतिहासाला त्यांचं नाव सापडलं. ईमेल करणाऱ्याचं नाव कुणाला सापडणार?

हे मत मी गेली तीन वर्षं कुठे कुठे मांडत आलो. मग २०२५ उजाडलं. मॅन्चिन आणि सिनेमा दोघेही सिनेटमधून गेले. रिपब्लिकनांच्या ५३ जागा झाल्या. १० एप्रिलला प्रतिनिधीगृहाने २२० विरुद्ध २०८ मतांनी एक विधेयक मंजूर केलं: मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा दाखवा, पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला. डेट्रॉइटमधून निवडून गेलेले आपले बेळगावचे श्री ठाणेदार याच सभागृहात बसतात. तिथे साठचं कुलूप नाही, तिथे बहुमत म्हणजे बहुमत. विधेयक सिनेटमध्ये आलं आणि थांबलं. कशाने? त्याच साठने. २०२२ मध्ये नियम बदलायला हात वर करणारे डेमोक्रॅट आता त्याच नियमाच्या आड उभे. ऑक्टोबरमध्ये खर्चाच्या विधेयकालाही साठ मतं मिळेनात म्हणून सरकारी कामकाज ठप्प झालं, ते ४३ दिवस ठप्प राहिलं, आणि ट्रम्प यांनी आपल्या पक्षाला सांगितलं की फिलिबस्टर काढून टाका. त्यांचे सिनेटमधले नेते जॉन थून यांनी नाही म्हटलं. नेमणुकांचे गठ्ठे साध्या बहुमताने पास करण्याचा पायंडा त्याच थून यांनी काही आठवड्यांपूर्वी पाडला होता. पण कायद्यांच्या बाबतीत ते हलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये टाळं उघडलं तेही, एक रिपब्लिकन विरोधात गेला तरी, डेमोक्रॅट्सच्या बाजूचे आठ जण फुटून बरोबर ६० मतं झाली तेव्हा.

त्या काळात मी अटलांटाला पुन्हा फोन केला. ताईला विचारलं, हा नागरिकत्वाच्या पुराव्याचा कायदा झाला तर तुझं काय? ती म्हणाली, “माझ्याकडे पासपोर्ट आहे. मला काय धाड भरलीय?” फोन ठेवला. तासाभराने तिचा व्हॉट्सॲप आला. सून तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. पासपोर्टची मुदत संपली आहे, नूतनीकरण राहिलंय. जन्माच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, गाडीच्या लायसन्सवर सासरचं. आधार आणि पॅनवरच्या नावांनी छळलेल्या आपल्यासारख्यांना हे समजवायला नको. घर बदलल्यामुळे तिची मतदार नोंदणी नव्याने करायची आहे.

खाली एक ओळ होती: “ते तुझं फिलिबस्टर काढायचं चाललं होतं ना, त्याला जरा दम धरायला सांग.”